माऱ्यात सोडलेले चार मोहरे

बुद्धिबळात काळे मोहरे वाट्याला आले की सुरुवातच एक चाल मागून. मोठ्या स्पर्धेत डाव बरोबरीत सुटला तरी पदरी पडलं पवित्र झालं. मेरान नावाच्या सुरुवातीच्या प्रकारात मात्र काळा बी५ वर (बी हा स्तंभ, पाचवी ही रांग) प्यादं ढकलतो, बी७ वर उंट बसवतो आणि तो उंट थेट पांढऱ्या राजाच्या अंगणात रोखून बघत राहतो. १९२४ साली इटलीतल्या मेरानोत पोलंडचा बुद्धिबळपटू रुबिनस्टाइन काळ्यांनी जिंकला, त्यावरून हे नाव.

१५ जानेवारी २०१३, नेदरलँड्समधल्या वाइक आन झीची स्पर्धा. पांढरे आर्मेनियाच्या अरोनियनचे, काळे विश्वनाथन आनंदचे. तेराव्या चालीला पांढऱ्या घोड्यानं एच७ चं प्यादं खाल्लं. त्याला घोड्यानं मारावं, तर पांढरा उंट तिथेच शह देत येतो आणि प्यादं गेलं ते गेलंच. आनंदनं त्याच्याकडे ढुंकूनही न बघता आपला घोडा जी४ वर नेला.

सोळावी चाल पटावर मांडूनच बघावी. काळ्याचा दुसरा घोडा ई५ वर येतो. आता एफ८ चा हत्ती, सी५ चा उंट आणि दोन्ही घोडे, चौघेही माऱ्यात! प्याद्यानं ई५ चा घोडा घेतला, तर वजिराचा डी४ वर शह, राजा एच१ च्या कोपऱ्यात, आणि मग वजीर चक्क जी१ वर. मागे उंटाचा जोर असल्यानं राजाला तो वजीर मारता येत नाही, हत्तीनंच मारावा लागतो. लगेच एफ२ वर घोड्याची मात. राजा आपल्याच माणसांच्या गर्दीत गुदमरतो.

अरोनियननं ते टाळून हत्ती घेतला. अख्खा हत्ती कमी असताना आनंदची एकोणिसावी चाल: एफ५. ना शह, ना मार. मला तर अख्ख्या डावात हीच आवडते. वजिराची एच७ कडे जाणारी तिरकी वाट बंद, जी४ च्या घोड्याला आधार, आणि आता वजीर एच४ वर उतरणार. पांढरा घोडा धावत जी६ वर परतला तो त्यासाठीच.

ही तयारी खरं तर २०१२ च्या, इस्रायलच्या गेलफांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठीची. तिथे बरणी उघडलीच नाही. लोणचं इथे मुरून पानात आलं.

तेविसाव्या चालीला काळा उंट ई३ वर बसला आणि पांढऱ्या वजिराची एच३ वरची राखण तुटली. तिथे आता काळ्या वजिरानं प्यादं मारलं की मात, कारण जी२ च्या प्याद्याला हलताच येत नाही. दहाव्या चालीपासून बी७ वर गप्प बसलेल्या उंटानं त्याला जखडून ठेवलंय. अरोनियननं डाव सोडला.