आठ ओहमचा माठ

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायर लावला, तर डाव्या स्पीकरमधून तानपुऱ्याऐवजी बाटलीत अडकलेल्या माशीचा आवाज यायला लागला. जाळी काढून बघितलं. कागदी कोनाच्या कडेचा फोम बोट लावीन तिथं गळून पडत होता. उजव्याचंही तेच. पंचवीस वर्षं झाली म्हणा. हा फोम वाजवा किंवा झाकून ठेवा, हवेनंच कुजतो.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र ठणठणीत. ३५ वॅटचा आहे, आवाजाचं बटण तिजोरीच्या चावीसारखं जड फिरतं, आणि तो बदलायचा नाही हे घरात सगळ्यांना (म्हणजे मला) मान्य आहे. मग स्पीकरच शोधायचे, तेही त्याला मानवतील असे. आमच्या कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत माणूस पाय घेऊन जातो आणि चप्पल शोधतो. मी चप्पल काखेत मारून पाय शोधायला निघालो होतो.

राजारामपुरीतल्या दुकानातला पोरगा हुशार होता, पण त्याचं शिक्षण महाद्वार रोडवर मिरवणुकीत झालेलं. या गावात ‘डॉल्बी’ म्हणजे छातीनं ऐकायची गोष्ट. पहिलाच प्रश्न, “काका, धडधड किती पायजे?”

मी म्हटलं, “धडधड नको. ओहम किती ते सांग.”

ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप. त्यानं जोडी उलटी करून मागचं लेबल वाचलं. ४ ओहम. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ६ ते १६ लिहिलंय. “चालतंय की, लोक लावत्यात,” तो म्हणाला. लावत्यात खरं. ओहम कमी म्हणजे करंट जास्त, करंट जास्त म्हणजे पेटी गरम, आणि एखाद्या दिवशी रंगात येऊन बटण जरा पुढं ढकललं की आतले ट्रान्झिस्टर बसले.

‘ओहम’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो गंगावेशीच्या घरात. तात्या, माझे चुलते, यांनी कुठूनसा आठ इंची स्पीकर आणला होता. त्याच्या मागच्या चुंबकावर काय लिहिलंय म्हणून आज्जीनं विचारलं. तात्या म्हणाले, “आठ ओहम.” आज्जीनं ते आपल्या पद्धतीनं ऐकलं आणि मला सांगितलं, “त्याला पाय लावू नगंस. देवाचं हाय.”

त्या देवाला बसायला तात्यांना माठ हवा होता. मला घेऊन ते कुंभार गल्लीत गेले आणि एकेका माठाला टिचकी मारून कान लावून बसले. माठाला टिचकी सगळेच मारतात, पण ती चीर बघायला. तात्या सूर बघत होते. एक माठ खाली ठेवायचे, दुसरा उचलायचे, पुन्हा पहिल्याकडं यायचे. “ह्यो जरा पोटातनं बोलतोय बघ.” कुंभारीण शेवटी म्हणाली, “दादा, पाणी भरायचंय का लगीन लावायचंय?”

घरी आल्यावर माठाच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती ठेवली, तिच्यावर स्पीकर आढ्याकडं तोंड करून बसवला आणि सांगली आकाशवाणी लावली. तबल्यातला डग्गा खोलीच्या चारी कोपऱ्यांतून गुमगुमत आला. निवेदकसुद्धा विहिरीतून बातम्या द्यायला लागला. आज्जी म्हणाली, “आणि उन्हाळ्यात पाणी कशात भरू, तुझ्या डोसक्यात?” तरी दुपारी भाकरी थापून झाली की तीच त्या माठाजवळ येऊन पडायची.

तो आवाज चांगला होता का? नसावा. पण पुढं ऐकलेला प्रत्येक स्पीकर मी त्या माठाशी ताडून बघतो, आणि मग तो मला जरा चिरका वाटतो.

असो. पोरानं दुसरी जोडी काढली, दिसायला देखणी, ८ ओहम. खूश होऊन संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला किती आवाज निघतो ते, बघितली तर ८४ डेसिबल. माझी जुनी ९० ची होती. ६ डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्याच आवाजाला चौपट ताकद लागते. माझ्या ३५ वॅटचे तिथं पावणेनऊच झाले की. आणि लहान अ‍ॅम्प्लिफायरनं मोठ्या स्पीकरला काही होत नाही, ही समजूतही खोटी. ताकद संपलेला अ‍ॅम्प्लिफायर रेटला की लहरींची डोकी छाटली जातात आणि बारीक सूर काढणारा छोटा स्पीकर, बिचारा ट्विटर, जळतो.

मी घरून गायिका केसरबाई केरकरांची भैरवी नेली होती. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरची, जेमतेम साडेतीन मिनिटांची. तिच्यात ना खर्ज, ना वरची चमक, त्यामुळं स्पीकर पारखायला ती कुचकामी आहे हे मला कळतं. तरी नेतो. केसरबाई शिकल्या त्या आमच्या करवीर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांकडं, तेव्हा एवढा हट्ट चालायचाच. हीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून अवकाशात गेली. सोबत सुई दिली, कार्ट्रिज दिलं, तबकडी कशी वाजवायची याची आकृती कोरून दिली. स्पीकर दिले नाहीत. ओहमचं ज्यानं त्यानं बघून घ्यावं.

तिसरी जोडी ८ ओहम, ८९ डेसिबल. खोली दहा बाय बारा, मागं भिंत आहे, थोडा खर्ज भिंतच देईल. भैरवी लावली. बरी वाटली. दरही परवडण्यातला होता.

पोरगा रंगात आला होता. “काका, ह्याचा ट्विटर २० हजार हर्ट्झपर्यंत जातोय. दावतो थांबा.” त्यानं मोबाइलवरून कसलासा सूर सोडला. बारीक शिट्टी आली, वर वर चढत गेली, आणि मग थांबली. मी पुढच्या सुराची वाट बघत उभा राहिलो. पोरानं डोळे बारीक केले, मान आकसली आणि एका कानावर हात ठेवला. काउंटरवरची मुलगी कळवळून ओरडली, “ए, बंद कर की ते!”

“आलं न्हवं ऐकू, काका?”

“आलं की,” मी म्हणालो.