कपाटातले दोन हंगाम

बारा वर्षे सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू म्हणून व्यावसायिक फुटबॉल खेळल्यावर, गुडघ्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, ज्या क्लबात खेळ शिकलो तिथेच मी नोंदणी विभागात रुजू झालो. खेळत असताना हा विभाग कुठल्या मजल्यावर आहे हेही मला ठाऊक नव्हते. करारावर सही झाली की दुसऱ्या क्लबात बदली झाली, अशीच आम्हा बहुतेकांची समजूत होती.

आमच्याकडे दोन वर्षे शिकलेल्या एका बचावपटूला परदेशी क्लबाने 20 लाख युरोंना घेतले होते. फिफाच्या नियमानुसार अशा रकमेतला 5 टक्के वाटा, खेळाडूला वयाच्या 12 ते 23 या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो: 15 व्या वर्षापर्यंत दर वर्षामागे बदलीच्या रकमेचे 0.25 टक्के, पुढे 0.5 टक्के. 2022 पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत जातात आणि कोणाला किती, हे खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून, म्हणजे तो कोणत्या वयात कोणत्या क्लबात नोंदलेला होता त्या नोंदीवरून ठरते. त्या सकाळी तपासणीसाठी आलेला कच्चा पासपोर्ट उघडला, तर 13 आणि 14 या वयांपुढची जागा रिकामी होती. हरकत नोंदवायला एकच दिवस उरला होता.

मुलगा मला पक्का आठवत होता. मी तेव्हा मुख्य संघात होतो आणि संध्याकाळी मुलांना ऑफसाइडची रेषा राखायला शिकवत असे. प्रशिक्षक नसले की संघाची यादीही मीच भरत असे. बाकीची पोरे चेंडूवर डोळे लावून धावायची, हा एकटा मान वळवून आपल्या पाठीमागे कोण सुटला आहे ते पाहायचा. ही नजर शिकवून येत नाही, असे माझे अजूनही मत आहे. पण आठवण हा पुरावा नव्हे.

त्या काळातल्या कागदी नोंदी संगणकावर कधी चढल्याच नव्हत्या. दुपारभर कपाटे उपसली, तेव्हा कुठे पहिल्या वर्षाचा नोंदणी अर्ज हाती लागला. आडनाव चुकीचे होते, पण जन्मतारीख जुळत होती आणि फुटबॉल संघटनेचा शिक्का स्पष्ट होता. (त्याच गठ्ठ्यात माझाही जुना अर्ज निघाला. त्यात वजन चार किलो वाढवून लिहिले होते, कारण हडकुळ्या सेंटर बॅकला कोण विचारतो?) दुसऱ्या वर्षाची मात्र एका सामन्याची यादीच तेवढी मिळाली. दोन्ही कागद रात्री संघटनेमार्फत पाठवले.

निर्णय यायला काही आठवडे गेले. पहिले वर्ष मान्य झाले, दुसरे नाही. 10,000 ऐवजी 5,000 युरो मिळाले. यादीची प्रत मी पुन्हा काढून पाहिली. तिच्यावर दिवस आणि महिना होता, पण साल लिहिलेले नव्हते, आणि खाली सही माझीच होती.