कामगार इतिहासाची सहल आणि परवानगीचं टेबल

नववीला कामगार चळवळ शिकवताना मुलांना एकदा तरी राबणारे हात दाखवायचे, हे माझं पक्कं होतं. सकाळी सिन्नरला बिडी कामगार बायकांकडे आणि दुपारी इगतपुरीला रेल्वेचं आवार, असा बेत ठरला. बस, पालकांची संमती, मुख्याध्यापकांची सही हे सगळं चटकन झालं. अडलं ते आवारात शिरायच्या परवानगीवर, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

"भेटी इंजिनिअरिंग, आयटीआयच्या पोरांसाठी असतात. शाळेची मुलं काय बघणार?" टेबलावरच्या साहेबांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं, थळ घाटातली ही लाइन 1865 साली सुरू झाली. डोंगर सुरुंग लावून आणि मजुरांच्या हातांनी फोडला. चढ 37 फुटांमागे 1 फूट, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लावतात आणि इगतपुरीत सोडतात. ती सोडणारा माणूस मुलांना बघू दे, त्याच्याशी बोलू दे. साहेबांनी सगळं ऐकलं आणि अर्जावर 'चर्चा करावी' असा शेरा मारला.

चर्चा कोणी कोणाशी करायची ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग साहेब रजेवर. मग स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. मग छापील फॉर्म, त्यात रकाने 'शाखा' आणि 'सेमिस्टर'. तिथे 'इयत्ता नववी' लिहिलं तर फॉर्म परत! आवक क्रमांकाची पोच हातात होती म्हणून अर्ज 'सापडत नाही' हे उत्तर तरी चाललं नाही. अर्ज द्याल तेव्हा पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शेवटी मी शांतपणे म्हटलं, "नकार असेल तर नियम लिहून लेखी द्या." फाईल तिथल्या तिथे वरच्या साहेबांकडे गेली आणि सही झाली. हे वाक्य पहिल्याच फेरीला वापरा, असंच मी सगळ्या शिक्षकांना सांगते.

सिन्नरला परवानगीचा प्रश्नच नव्हता. ओळखीतल्या एका ताईंनी ओसरीवर बसवलं. पत्र्याच्या साच्यावर तेंदूपान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोलता बोलता चाललेलं. 1966 च्या बिडी कामगार कायद्यात घरी बसून वळणाऱ्या बायकाही धरल्या होत्या, हे मुलांना तिथेच सांगितलं. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली, हे वर्गात झालं होतं. एका मुलीने बिडी वळणाऱ्या एका आजींना विचारलं, "आजी, तुम्हाला रविवारी सुट्टी असते?" आजी म्हणाल्या, "वळल्या तर पैसे, बाई." मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

इगतपुरीत दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळतो, कामगार तेव्हाच बोलतात. प्रश्न मुलांकडून आधीच लिहून घ्या. आणि हो, परवानगीपत्राच्या झेरॉक्स जास्त ठेवा, आवाराच्या फाटकावर एक ठेवून घेतात.