कोपऱ्यातली खुर्ची

तोक्योतल्या आठ दिवसांत मंदिरं, बागा, ती गर्दीची चौफुली, सगळं करून झालं. त्याचे फोटो फोनमध्ये पडून आहेत. मला सांगायचंय ते एका रद्दड खुर्चीबद्दल.

'उत्सुशी-ए'चा खेळ होता, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडायची जुनी जपानी करमणूक. मी दहा मिनिटं उशिरा पोचले, चूक माझीच. दारातल्या मुलीने तीनदा वाकून माझीच माफी मागितली आणि मला थेट भिंतीला चिकटलेल्या खुर्चीत नेऊन बसवलं. तिथून कागदी पडदा तिरका, चित्रं चेपलेली. जपानी शून्य. चडफडत बसले. मग लक्षात आलं, जरा वाकलं की पडद्यामागचंच दिसतंय!

मागे काळ्या कपड्यांतली चार-पाच माणसं, प्रत्येकाच्या छातीशी एकेक लाकडी पेटी. चित्रं पाडायचा दिवा याच पेटीत, हिला म्हणतात 'फुरो'. डचांकडून आलेला चित्रकंदील धातूचा, तापणारा. इथल्या लोकांनी तो किरी नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाचा केला आणि सरळ हातात धरला. १८०३ साली कामेया तोराकूने याच शहरात, कागुराझाकाला, असे जाहीर खेळ सुरू केले. सिनेमाला अजून नव्वदेक वर्षं होती. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका, म्हणजे असाच चित्रकंदिलाचा खेळ, आली तीही त्याच शतकाच्या शेवटी.

पेटीवाला मागे सरकला की भूत वाढतं, पुढे आला की आक्रसतं. दुसरा आडवा चालला की पडद्यावरचा माणूस चालतो. अंधारात कुणी कुणाला धडकत नाही. माझ्या स्वयंपाकघरात दोघं असली तरी कपबशी फुटते. चित्रं काचेवर, काचा लाकडी चौकटीत. चौकट झटकन सरकवली की गोल गरगरीत दारुमाला, म्हणजे हातपाय नसलेल्या जपानी बाहुल्याला, एकदम पाय फुटतात. लोक खदखदून हसले. मी मात्र ती चौकट सरकवणारा अंगठा बघत होते.

पेटीवाल्यांत माझ्या बाजूला एक म्हातारेबुवा होते. भूत मोठं करायला ते पाऊल पाऊल मागे जात होते, श्वास रोखून. शेवटी हात थरथरला. पडद्यावर भूत थरथरलं आणि समोरच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याचा दंड धरला.

खेळ संपल्यावर ते पेट्या दाखवायला बाहेर आले. मी खुणेनेच विचारलं, ते थरथरणं मुद्दाम होतं का? ते हसले आणि मनगट चोळत राहिले.