गुरुवारचा पहिला तास

अमृतमहोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा मी सरळ सांगितलं, की बाबा मला शाळेबद्दल लिहायला बसलं की एकच माणूस आठवतो आणि तो आपल्या शाळेतला नाहीच. तर समितीवाले म्हणले, लिही की, कोण वाचतंय. म्हणून हे.

आमची ७६ ची बॅच. अकरावी मॅट्रिक बंद होऊन दहावी आली त्यातली दुसरीच, त्यामुळं पेपर कसा येणार हे मास्तरांना पण धड माहीत नव्हतं. बार्शीत तेव्हा रात्री आठ म्हणजे सामसूम, पण बुधवारी नाही. बुधवारी आठ ते नऊ रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाण्यांची क्रमवारी. आमच्या घरी रेडिओ नव्हता, शेजारी काकांकडं होता, व्हॉल्व्हचा, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली, आणि सेट गरम होईपर्यंत आम्ही सात-आठ जण गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. मग शॉर्टवेव्हची ती खरखर, आवाज मध्येच बुडायचा परत वर यायचा, आणि त्यातनं तो यायचा, "बहनों और भाइयों". कार्यक्रमाचा निवेदक, अमीन सायानी.

आता हसू येईल पण आमच्याकडं सगळे राखुंडीनं दात घासायचे. कार्यक्रम जिच्या नावाचा ती बिनाका टूथपेस्ट वर्गात दोघा-तिघांकडंच असेल, त्या खोक्यात प्लास्टिकचं इवलंसं जनावर निघायचं, त्याच्या बदल्यात आख्खी पेन्सिल दिलेली मला आठवते.

गुरुवारी पहिला तास हिंदीचा. म्हणजे बघा कसं टायमिंग. रात्रीची १६ गाणी डोक्यात, कुठलं कितव्या पायदानवर चढलं, कुठलं घसरलं, पहिल्या नंबरच्या आधी ते बिगुल वाजतं तेव्हा कुणी काय पैज लावली होती, हे सगळं पहिल्या तासाला कुजबुजत चालायचं. हिंदीचे सर मग पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "काल रात्री जे कान लावून बसला होतात ते आज घरीच ठेवून आलात काय रे?" सर कडक. त्यांना सिनेमाचं वावडं आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पैजेत कायम जिंकायची ती आमच्या वर्गातली एक मुलगी (आता सोलापूरला असते, नाव छापू नको म्हणालीय). तिच्या वडलांचं किराणा दुकान, दुकानात ट्रान्झिस्टर, आणि ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर दर आठवड्याची १६ च्या १६ गाणी उतरून काढायची. आम्ही पोरं नुसती तोंडाची वाफ दवडायचो, तिच्याकडं पुरावा असायचा.

मला मात्र गाण्यांपेक्षा त्या आवाजाचाच नाद. विहिरीवर, गोठ्यात, जिथं घुमेल तिथं मी अमीन सायानी. त्याच जोरावर दहावीच्या वर्षी गॅदरिंगला माइक माझ्या हातात आला. रीत अशी होती की "सन्माननीय अध्यक्ष, गुरुजनवर्ग आणि विद्यार्थी मित्रहो" म्हणायचं, मुली सतरंजीवर डाव्या अंगाला बसलेल्या असायच्या पण त्यांना उद्देशून कुणी काय म्हणायचं नाही. मी झोकात येऊन म्हणून गेलो, "भगिनींनो आणि बंधूंनो". मुलींच्या बाजूनं अशा टाळ्या पडल्या की मी पुढचं वाक्यच विसरलो. पाहुण्यांपैकी एकजण नंतर म्हणाले, क्रम चुकला मुलाचा. मला वाटलं आता छड्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. म्हणाले, "क्रम बरोबर होता. पण त्याच्यासारखा आवाज काढू नको, त्याच्यासारखं सोपं बोल. काल ते 'तद्नंतर' कुठनं उचललंस? तो कधी म्हणतो का असं अवघड?"

मी तेव्हा मान डोलवली, कळलं काही नाही. कळलं फार उशिरा, रिटायर झाल्यावर, अमीन सायानींबद्दल वाचायला लागलो तेव्हा. त्यांच्या आई कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या, नुकत्या लिहायला-वाचायला शिकलेल्या लोकांसाठी, आणि मजकूर तोच पण छपाई तीन लिप्यांत, नागरी, उर्दू आणि गुजराती. मुलगा त्यात हाताखाली. म्हणजे हे सोपं बोलणं रेडिओत गेल्यावर शिकलेलं नव्हतं, घरात लहानपणापासून चालू होतं. आणि याच माणसाला आकाशवाणीच्या हिंदी ऑडिशनला नापास केलेलं, उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे म्हणून! हे मला शाळेत माहीत असतं ना तर तोंडी परीक्षेत मी एवढा घामाघूम झालो नसतो.

आणखी एक गंमत. १९५२ ला नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे सवंगपणा वाटायचा, आकाशवाणीवर त्यांनी कात्री लावली. झालं काय, तर श्रोते सगळे गेले सिलोनला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला गीतमाला सुरू झाली. आधी हिट परेड नव्हती ती, सात गाणी वाजवायची, लोकांनी लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवायचा, शंभर रुपये बक्षीस, आणि सायानींना आठवड्याचे पंचवीस रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, पुढं आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली. एवढी पत्रं मोजायची कुणी! म्हणून मग क्रमवारी, रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावचे श्रोता संघ यांच्या जोरावर. आम्ही समजायचो तो माणूस कोलंबोत बसून बोलतोय, आमच्यातल्या एकानं तर नकाशात अंतर मोजलं होतं. प्रत्यक्षात रेकॉर्डिंग व्हायचं मुंबईत आणि टेप विमानानं कोलंबोला जायची. म्हणजे मुंबईचा आवाज समुद्रावरनं फिरून बार्शीला यायचा, आमच्या बार्शी लाइटच्या गाडीपेक्षा लवकर पोचत असेल पण.

मी रेडिओत वगैरे काय गेलो नाही. एसटीत लागलो, आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. पण माइक सुटला नाही. तीनेक डेपोंच्या स्टँडवर माझा आवाज घुमलाय. पहिल्या आठवड्यात मी घशातनं आवाज काढून लातूर गाडी अशी काय पुकारली की लोक गाडीकडं न बघता माझ्या खिडकीकडं बघायला लागले आणि गाडी निम्मी रिकामी गेली, साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हा सर आठवले. मग साधं, गावाचं नाव दोनदा, फलाट नंबर दोनदा, आणि सुरुवातीला "प्रवासी भगिनींनो आणि बंधूंनो". ते मात्र रिटायर होईपर्यंत सोडलं नाही.

अमीन सायानी गेले २० फेब्रुवारी २०२४ ला, एक्क्याण्णव वर्षांचे होते. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. बुधवार होता. आमच्या बॅचच्या ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघ्यावरचे उपाय, त्या दिवशी मात्र सकाळपासून लाइन लागली, कुणी सेटचा फोटो टाकतंय, कुणी आवाज काढून पाठवतंय (एकाचाही जमला नाही, माझाही नाही, वय झालं).

रात्री आठच्या सुमाराला सोलापूरवालीनं दोन फोटो टाकले. तीच वही. माळ्यावर ट्रंकेत होती म्हणे. पानं पिवळी पडलेली, तिचं ते बारीक अक्षर, आणि त्यावर लाल शाई. ती म्हणाली, एकदा चुकून हिच गणिताची वही हिंदीच्या गठ्ठ्यात गेली होती आणि सरांनी मुकाट्यानं तपासून परत दिली, ती भीतीनं कधी कुणाला बोलली नाही.

मी फोटो मोठा करून बघितला. गाण्यांच्या ओळीतले ऱ्हस्व-दीर्घ सगळे दुरुस्त केलेले, 'मैं' आणि 'में' च्या चुकांना गोल. आणि खाली सरांच्या वळणदार अक्षरात: "पाँचवीं और छठी पायदान उलटी लिखी है. ध्यान से सुनो."