तुम्ही विचारलंत म्हणून: ओझरला फक्त डबे जोडतात का?

नाशिकचा आहे आणि विमानाच्या पार्टचं काम करतो म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे ओझरचा विमान कारखाना ना? पण तिथे काय, रशियाहून विमानाच्या सुट्या भागांचे डबे येतात आणि आपण जोडतो." तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सुरुवात डब्यांपासून झाली हे खोटं नाही. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला एचएएलचा, म्हणजे सरकारी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला तो मिग-२१ या रशियन लढाऊ विमानासाठी, तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचेच खासदार, त्यामुळे तो इथेच का आला हे नाशिककराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे कंपनीला अजून "मिग"च म्हणतात, सुखोई बनायला लागली तरी वडिलांचे मित्र कामाला मिगलाच जायचे.

सुखोई-३० एमकेआय, हेही मूळ रशियन लढाऊ विमान, २००४ पासून इथून बाहेर पडायला लागलं, ऑर्डर एकूण २२२ विमानांची. आधी रशियाहून आलेले तयार भागांचे किट जोडायचे, मग थोडे पार्ट इथे, मग जास्त, आणि शेवटच्या टप्प्यात कच्च्या मालापासून. इंजिन ओडिशात, एचएएलच्याच कोरापुटच्या कारखान्यात बनतं. आता तो कच्चा मालही बराचसा रशियाचाच होता, त्यामुळे कोणी शंभर टक्के स्वदेशी म्हणून छाती फुगवली की मला हसू येतं, पण नुसतं जोडणारा माणूस विमानाच्या सांगाड्याला हात लावायची हिंमत करत नाही. ओझरवाल्यांनी केली. अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली लटकवायचं म्हणून सुखोईचा सांगाडा तिथे मजबूत केला, २०१६ मध्ये क्षेपणास्त्र घेऊन विमान ओझरहूनच उडालं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रत्यक्ष डागूनही झालं.

पण मला विचाराल तर नाशिकचं खरं बळ रनवेवर दिसत नाही, ते अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये दिसतं. आमच्या शेडमध्ये मिगमधून रिटायर झालेले एक इन्स्पेक्टर बसतात, आम्ही अण्णा म्हणतो. जॉब हातात घेतात, कडेवरून बोट फिरवतात आणि "बर राहिलाय" म्हणतात (बर म्हणजे कापताना कडेला राहिलेला धातूचा बारीक कंगोरा), मग मापं घ्यायची गरज नसते पण तरी घ्यायला लावतात. एकदा चाळीस ब्रॅकेट तयार, सगळे मापात, आणि मटेरियलच्या सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतीतला ते सांगणारा नंबर, एका आकड्याने जुळेना. गाड्यांच्या कामात कोणी बघितलंही नसतं. अण्णांनी सगळा लॉट बाद मालाच्या लाल डब्यात टाकला. मी चिडलो, खोटं कशाला बोलू, पैसे माझे गेले होते. पण पार्ट कुठल्या धातूचा, कुठल्या हीटचा, कोणी कापला, कोणी तपासला हे वीस वर्षांनीही सांगता आलं पाहिजे, ही सवय आमच्या शेडला अण्णांमुळे लागली, आणि अशी माणसं इथल्या आणखी कितीतरी शेडमध्ये बसलेली आहेत. मशीन काय, लोन काढून कुठेही आणता येतं.

दुखणं एकच, गिऱ्हाईक एक, एचएएल. सुखोईचं काम संपत आलं तसे आमच्या ओळखीचे दोन-तीन जण परत गाड्यांच्या पार्टकडे वळले, त्यांना नावं ठेवत नाही, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. आता परत हालचाल आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क-१ए या आपल्या लढाऊ विमानाची तिसरी लाइन आणि एचटीटी-४० या वैमानिकांना शिकवायच्या विमानाची दुसरी लाइन ओझरला सुरू झाली, नाशिकचं पहिलं तेजस त्याच दिवशी उडालं. मिग-२१ हवाई दलातून निवृत्त होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तेजसचं इंजिन मात्र अमेरिकेहून येतं आणि ते उशिरा येतंय, म्हणजे इथे कितीही रात्रपाळ्या केल्या तरी विमान तिकडच्या वेळेनेच बाहेर पडणार.

सध्या आमच्याकडे एका नवीन पार्टच्या पहिल्या नगाची तपासणी चालू आहे. पार्ट तळहातावर मावेल एवढा, आणि त्याची फाइल अण्णा दोन्ही हातांनी उचलतात.