घसाऱ्यावरचे अंश

आईला महिन्यातून एकदा वेल्ह्याला दवाखान्यात न्यावं लागतं. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत चार किलोमीटर कच्ची वाट आहे. त्यातला साठेक मीटरचा पट्टा असा, की गाडी डोंगराला आडवी धरूनच न्यावी लागते. जाताना उजवीकडे चढ, डावीकडे ओढा. वाडीत त्या जागेला घसारा म्हणतात. आई डावीकडच्या सीटवर, म्हणजे ओढ्याच्या बाजूला बसते. तिथवर तिच्या गप्पा चालू असतात, घसारा आला की ती गप्प होते आणि समोरची दांडी दोन्ही हातांनी धरते.

टिल्ट मीटर मी घेतला तो तिच्यासाठी. गाडी किती कलली आहे ते अंशांत दाखवणारं हे उपकरण. जुन्या पजेरोच्या डॅशबोर्डवर ते असायचं, नव्या थारच्या स्क्रीनवरही ते आकडे दिसतात. माझी गाडी जुनी मारुती जिप्सी किंग, त्यामुळे बाहेरून बसवणं भाग होतं. ते कामाचं आहे की नाही, यावर जिप्सीवाल्यांत दोन तट आहेत. मी तीन पावसाळे ते वापरलं, एकदा त्याच्यावर नको तितका भरवसा ठेवला, आणि आता माझं मत पक्कं झालंय.

सुरुवात मोबाइलच्या ॲपने केली. उभ्या गाडीत आकडा ठीक यायचा, पण चालत्या गाडीत तो नुसता उड्या मारायचा. फोनमधला सेन्सर गुरुत्वाची ओढ कुठल्या दिशेला आहे ते मोजतो. ब्रेक दाबला, गाडी आदळली किंवा झटक्यात वळली, की तो धक्काही त्याच्या लेखी उतारच असतो. मग द्रवात बुडवलेल्या तबकडीचा मीटर आणला. तोही त्याच कारणाने फसतो, पण द्रवामुळे सावकाश हलतो, म्हणून निदान वाचता येतो.

बसवणं सोपं, शून्य लावणं कठीण. मीटर चिकटवला आणि काटा उजवीकडे ३ अंश दाखवू लागला. गॅरेजची फरशी सपाट आहे असं मी धरून चाललो होतो. तिथले मिस्त्री म्हणाले, "फरशीवर विश्वास ठेवू नका, गाडी फिरवा." चारही चाकांच्या जागा खडूने आखल्या, गाडी उलट तोंडाने फिरवली आणि चाकं पुन्हा त्याच खुणांवर आणली. आता काटा उजवीकडे १ वर आला. फरशीचा उतार गाडी फिरवल्यावर उलटतो, मीटरची चूक मात्र गाडीबरोबर फिरते. दोन्ही आकड्यांची सरासरी २, म्हणजे चूक २ अंशांची आणि फरशीचा उतार १ अंशाचा. मिस्त्रींनी मग गाडीची उंची दोन्ही बाजूंनी मोजली. ड्रायव्हरकडची बाजू दोन सेंटिमीटर खाली होती, कारण त्या बाजूचे पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले होते. २ अंशांतला एक त्या पाट्यांचा निघाला, उरलेला माझ्या चिकटवण्यातला. कोणाला विचारायचं असेल तर माझा पहिला सल्ला हाच: मीटर कितीही महाग घ्या, गाडी फिरवून तपासल्याशिवाय त्याचा आकडा खरा मानू नका.

त्यानंतरचे दोन महिने मी फक्त बघत होतो. घाट चढताना वाटायचं की काटा आता वर जाईल, पण तो फार हलायचा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत डोंगराळ रस्त्याला ५ टक्के चढ साधारण धरतात, अपवाद म्हणून ७. ५ टक्के म्हणजे जेमतेम ३ अंश. (टक्के आणि अंश यांची गल्लत फार होते. १०० टक्के चढ म्हणजे सरळ भिंत नव्हे, ४५ अंश.) बोर घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दीड अंशाच्या आसपास, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. अंश किती मोठा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

एकदा घसाऱ्यावर गाडी उभी केली आणि सगळ्यांना विचारलं, किती कलली असेल? माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो ४० म्हणाला. आई म्हणाली, "निम्मी तर पडलीच आहे." मीटरवर १३ होते. यात त्यांचं काही चुकलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत ५ अंशांची टेकडी लोकांनी २० च्या आसपास सांगितली होती. माणसाचा डोळा उतार वाढवूनच बघतो, आणि आडवं कलताना तर पोटातली भीतीही त्यात मिसळते. त्या दिवसापासून आई घसारा आला की विचारू लागली, "किती झालं रे?" मी आकडा सांगायचो. बारा, तेरा. ती मान हलवायची, हळूहळू दांडीवरचा एक हात सुटला, मग दुसरा. मीटरचे पैसे तिथेच वसूल झाले असं मला वाटलं, आणि ते अजूनही खरं आहे.

आता प्रश्न होता की थांबायचं किती अंशांवर. यासाठी थोडं गणित केलं. गाडी उलटण्याचा कोन दोन गोष्टींवर ठरतो: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची (गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूची) उंची. जिप्सी मुळात अरुंद. १९९३ मध्ये कंपनीने दोन्ही चाकांतलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवलं, तेव्हा कुठे ते १३०० झालं. त्याचं निम्मं ६५ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य समजा ६५ सेंटिमीटरवर धरला, तर कागदावर गाडी ४५ अंशांवर उलटते. टपावर ६० किलोची भाताची पोती टाकली, की हजार किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य सात सेंटिमीटर वर सरकतो आणि ४५ चे ४२ होतात. शिवाय हे गणित गाडी लाकडी ठोकळ्यासारखी ताठ आहे असं मानून केलेलं. प्रत्यक्षात खालच्या बाजूचे पाटे दबतात, टायर चेपतो, माणसं खालच्या अंगाला झुकतात, आणि खरा कोन बराच अलीकडे येतो. म्हणून मी स्वतःसाठी २० ची रेघ आखली. त्यापुढे जायचं नाही.

तीच रेघ मला महागात पडली.

दुसऱ्या वर्षीचा ऑगस्ट. रात्रभर पाऊस पडून सकाळी थांबला होता. दादा पुढे चालत वाट बघत होता, आई माझ्या शेजारी. फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग कमी), पहिला गिअर, काटा १३ वर. आईने विचारलं, मी सांगितलं, आणि आम्ही दोघंही निश्चिंत होतो. पट्ट्याच्या मध्यावर मागची चाकं सरकली. आवाज नाही, धक्का नाही. गाडीचा मागचा भाग ओढ्याकडे दीड-दोन फूट गेला आणि मागचं डावं चाक एका दगडाला टेकून थांबलं. काटा २२ वर होता. अशा वेळी स्टिअरिंग उताराकडे वळवायचं असतं हे मला माहीत होतं, पण ते आठवेपर्यंत गाडी थांबलेलीही होती. त्या दगडाचे उपकार.

आईला गिअरच्या दांड्यावरून माझ्या बाजूला ओढून घेतलं आणि वरच्या दाराने उतरवलं. तिने एक शब्द काढला नाही. दादाने चाकांना दगड लावले, दोर वरच्या ऐनाच्या बुंध्याला बांधला. वाडीतून ट्रॅक्टर येईपर्यंत दीड तास गेला. तोवर ती बांधावर बसून होती. आजही ती आठवण आली की माझ्या हातापायांतलं बळ जातं, कारण ती गाडीत बसली होती ती मी सांगितलेल्या आकड्यावर विसंबून.

काय चुकलं यावर मी खूप विचार केला. मीटर खोटं बोलला नव्हता. १३ म्हणजे १३ च होते. पण मीटर कल सांगतो, पकड सांगत नाही. गाडी उलटणं आणि घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या कातळावर गाडी बऱ्याच कोनापर्यंत धरून राहते. ओल्या चिकणमातीवर, त्यातही टायरच्या खाचा मातीने भरल्या असतील तर, १३-१४ अंशही तिला सरकायला पुरतात. आपल्या मावळात पावसाळ्यात गाडी आधी घसरते. घसरता घसरता चाक दगडाला किंवा चाकोरीच्या कडेला अडलं, तर तिथे ती उलटू शकते, आणि त्या क्षणी कागदावरच्या ४५ ला काही अर्थ उरत नाही. मला ज्या दगडाने वाचवलं, तोच दगड वेग थोडा जास्त असता तर गाडी उलटवायला कारण झाला असता.

दुसरी गोष्ट मी टेपने मोजून पाहिली. चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर असेल तर एका अंशाला साधारण २३ मिलिमीटर पुरतात. म्हणजे एका बाजूची दोन्ही चाकं १० सेंटिमीटर वर गेली, की ४ अंशांहून जास्त कल वाढला. १३ अंशांवर चालणाऱ्या गाडीची वरची चाकं १५ सेंटिमीटरच्या दगडांवर आणि खालची १० सेंटिमीटरच्या खड्ड्यांत एकाच वेळी गेली, तर ती २३-२४ वर पोहोचते. एकाच चाकाखाली आलं तर पाटे त्यातलं बरंचसं गिळतात, पण सगळं नाही. हे सगळं हातभर अंतरात घडतं. मीटर मात्र आत्ता गाडी कुठे आहे तेवढंच सांगतो. पुढच्या दगडाची त्याला खबर नसते. ती खबर पुढे चालणाऱ्या माणसाला असते. म्हणून घसाऱ्यावर माझी नजर आता दादाच्या हातावर असते, काट्यावर नाही. दादाने मूठ वळली की थांबायचं, मग काटा काहीही सांगो.

इतकं झाल्यावर मीटर काढून टाकला असता तर कोणी मला वेडा म्हटलं नसतं. एका मित्राने तसंच केलं. त्याचं म्हणणं, आकडा दिसला की माणूस त्या आकड्यापर्यंत जाऊन बघतो. हे खोटं नाही. मी स्वतः २० ची रेघ आखून १३ वर बेफिकीर झालोच होतो. पण मी मीटर ठेवला, फक्त त्याचं काम बदललं.

आता तो मी उभ्या गाडीत वाचतो. उन्हाळ्यात, वाट कोरडी असताना, घसाऱ्यावर जागोजागी गाडी थांबवतो, हँडब्रेक ओढतो, काटा स्थिर होऊ देतो आणि आकडा वहीत लिहितो. सगळ्यात वाईट जागी १९ मिळाले. तिथे दादाने आणि मी कुदळ-फावडं घेऊन वरच्या चाकाची वाट खणली आणि ती माती-दगड खालच्या चाकाच्या वाटेत भरून धुमसले. दोन्ही मिळून फरक १७ सेंटिमीटरचा, वीतभरही नाही. पुन्हा गाडी उभी केली तर १२. एका सकाळच्या कामात ७ अंश उतरले. आधीही आम्ही ती वाट दुरुस्त करायचो, पण अंदाजाने, जिथे भीती वाटायची तिथे. भीती वाटायची ती जागा आणि सगळ्यात जास्त कललेली जागा एक नव्हती, हे मीटरनेच दाखवलं. भीतीची जागा ओढ्याच्या सगळ्यात जवळची होती, तिथे फक्त ११ होते.

हौस म्हणून डोंगरात गाडी फिरवणाऱ्यांना यातलं कितपत लागू पडेल सांगता येत नाही. पण नवीन माणसाला मी मीटर घ्यायलाच सांगेन. थांबलेल्या गाडीत पाच, दहा, पंधरा अंश कसे लागतात ते शरीराला शिकवून घ्या. टपावर ओझं असताना वेगळं शिका. चढणीत गाडी अडली तर ती तिथे आडवी वळवायची नाही, रिव्हर्समध्ये सरळ मागे उतरवायची, हे आकड्याशिवायही पाठ हवं. आणि माती ओली असेल तर तुमची कोरड्यातली रेघ विसरा. माझी ओल्यातली रेघ आता ८ आहे, आणि त्याच्या वर आई गाडीत नसते. ती पट्ट्याच्या अलीकडे उतरते, दादाची बायको तिला हात धरून वरच्या पायवाटेने नेते, आणि पलीकडे ती पुन्हा बसते. तिला गुडघ्यांमुळे त्रास होतो. तरी तेवढं ती चालते.

घसाऱ्यावर तीन दगडांना आम्ही चुन्याच्या खुणा केल्या आहेत. दरवर्षी मे महिन्यात पुढचं उजवं चाक त्या खुणेशी आणून गाडी उभी करतो आणि वहीतल्या मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहितो. यंदा पहिल्या दोन जागी काही बदल नाही. तिसऱ्या जागी, जिथे आम्ही भर घातली होती तिथे, १२ चे १५ झालेत. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. खाली उतरून भरावाच्या बुडाशी हात घातला तेव्हा कळलं, पाण्याने आतून माती नेली आहे. रविवारी दादा आणि मी तिथे मोठे दगड रचायला जाणार आहोत.